दारचा शेवगा : पाल्याची खरी किंमत

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपण पुष्कळ वेळा वापरतो. परंतु शेवग्याच्या पाल्याला ती जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल. ज्या घराच्या परसात शेवग्याचे झाड उभे आहे, त्याच घरात शेवग्याच्या पाल्याच्या भुकटीचा डबा दुकानातून विकत आणलेला दिसावा, आणि परसातील पाला मात्र झडून मातीत जावा किंवा शेळीपुढे पडावा, असा प्रकार आता खेडोपाडी आणि शहरांच्या कडेला राजरोस दिसून येतो. शेंगा तेवढ्या आपल्या आणि पाला टाकाऊ, अशी समजूत आपल्या घाटावरच्या भागात रूढ होऊन बसली आहे. ती किती चुकीची आहे, आणि उलटपक्षी पाल्याविषयी अलीकडे जे अवास्तव दावे केले जातात तेही किती सावधपणे घ्यावयास हवेत, या दोन्ही गोष्टींचा विचार या लेखात करावयाचा आहे.

कासारवाडीतील एक झाड

पुण्याहून मुंबईस जाताना दापोडी आणि फुगेवाडी मागे टाकली की कासारवाडी लागते. एका अंगाला महामार्ग, मध्ये लोहमार्ग आणि पश्चिमेला थोड्या अंतरावर पवना नदी, अशा बेचक्यात वसलेले हे गाव. १९५४ साली शेजारच्या पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पुढे या पट्ट्यात एकामागून एक कारखाने आले, १९७० मध्ये पिंपरी-चिंचवड नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झाली, आणि शेते हळूहळू घरांखाली गेली. मार्च २०२२ पासून या गावावरून मेट्रो धावते. तरीही जुन्या घरांच्या मागे, विहिरीच्या जागेपाशी किंवा दोन भिंतींमधल्या हातभर मातीत एखादा शेवगा, एखादा कढीपत्ता, एखादी पपई अजून दृष्टीस पडते. गेलेल्या शेतीची एवढीच खूण आता उरलेली आहे.

मागील एका पावसाळ्यात अशाच एका घरून निरोप आला, की शेवग्याच्या झाडावर अळी पडली आहे, येऊन पाहून जावे. जाऊन पाहिले तो बुंध्यावर हाताच्या पंजाएवढ्या जागेत केसाळ सुरवंटांचा थर बसलेला. घरातील आजी ओसरीवर बसल्या होत्या.

"साहेब, सून म्हणती झाड काढून टाका. पोरं अंगणात खेळत्यात, अंगाला नुसती खाज सुटती. पण माझ्या सासूनं लावलेलं झाड आहे हो हे. फांदी आणून खोवली होती तिनं."

"आजी, पाला खाता का तुम्ही याचा?" मी विचारले.

"आधी खायचो. आता कोण खातंय? पोरांना आवडत नाही. सूनबाई डब्यातली पूड आणती, ती टाकती पिठात."

सूनबाईंनी आतून डबा आणून दाखविला. त्यावर मोठ्या अक्षरांत दुधाच्या कित्येक पट चुना, गाजराच्या कित्येक पट जीवनसत्त्व, असे लिहिलेले होते. ज्या झाडाचा पाला वाळवून तो डबा भरला गेला, त्याच जातीचे झाड दहा हातांवर उभे होते आणि तेच तोडण्याचा विचार चालला होता. त्यांचे म्हणणे मात्र अगदीच गैर नव्हते. लेकराच्या मानेवर उठलेल्या गांध्या मी स्वतः पाहिल्या. झाड ठेवावे असे नुसते सांगून भागणार नव्हते. आधी सुरवंटांचा बंदोबस्त करून दाखविणे भाग होते.

सुरवंटांचा बंदोबस्त

शेवग्यावरची ही केसाळ अळी रात्री पाला खाते आणि दिवसा बुंध्यावर एकत्र गोळा होऊन बसते. तिची ही खोड आपल्या फार उपयोगी पडते. दिवसा, बुंध्यावर थर बसलेला असताना, लांब दांड्याच्या खराट्याने किंवा खरवडणीने सगळा थर साबणाच्या दाट पाण्याने भरलेल्या बादलीत पाडावा. हातात मोजे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा आणि डोळ्यांवर चष्मा असावा. कारण अळीच्या केसांनीच खाज सुटते. मुलांना त्या वेळी जवळ येऊ देऊ नये. पानांवर अंड्यांचे पुंजके दिसल्यास ती पाने खुडून नष्ट करावीत. अळी पूर्ण वाढली की जमिनीत शिरून कोष करते. म्हणून उन्हाळ्यात बुंध्याभोवतीची माती खणून उलटीपालटी करावी, म्हणजे कोष उघडे पडून उन्हाने व पाखरांनी नाहीसे होतात.

ज्या झाडाचा पाला खावयाचा, त्यावर विषारी कीटकनाशक मारू नये, हा नियम कटाक्षाने पाळावा. घाईने फवारणी करणारे पुष्कळ असतात आणि दुसऱ्या दिवशी शेजारीण तोच पाला भाजीला खुडून नेते. मोठे, उंच वाढलेले झाड असेल तर त्याची छाटणी करणे हा सर्वांत चांगला उपाय होय. झाड आवाक्यात राहते, अळी दिसते, आणि नवी लुसलुशीत फूटही मिळते.

एक गोष्ट येथेच नमूद करतो. महानगरपालिकेच्या हद्दीत झाड तोडावयाचे झाल्यास १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाविषयीच्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. मोठ्या फांद्या उतरविण्यापूर्वीही पालिकेच्या उद्यान विभागात विचारून घेणे बरे.

पाल्यात काय आहे आणि काय नाही

शेवगा हा मूळचा आपल्याच देशातील, वायव्येकडील हिमालयाच्या पायथ्याचा वृक्ष. शास्त्रीय परिभाषेत त्याला मोरिंगा ओलिफेरा म्हणतात. तेथून तो उष्ण कटिबंधातील बहुतेक सर्व देशांत पोहोचला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांची जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ताज्या पाल्यात सुमारे ६.४ ग्रॅम प्रथिने, ३१४ मिलिग्रॅम कॅल्शियम, ४.६ मिलिग्रॅम लोह आणि १०८ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. यांशिवाय ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते ते बीटा-कॅरोटीन सुमारे १७,५०० मायक्रोग्रॅम असते. पालेभाज्यांत ही मोठी प्रमाणे होत.

आता या आकड्यांचा अर्थ नीट लावावयास हवा. एक माणूस एका जेवणात साधारणतः ५० ग्रॅम पाल्याची भाजी खातो असे धरू. त्यातून त्याला अ जीवनसत्त्वाच्या दिवसाच्या गरजेचा फार मोठा वाटा मिळू शकतो. डोळ्यांच्या आरोग्यासाठी, विशेषतः लहान मुलांच्या, ही मोलाची गोष्ट आहे. अ जीवनसत्त्व कमी पडले की रातांधळेपणा येतो आणि दुर्लक्ष झाले तर दृष्टीही जाते. याच कारणासाठी १९७० पासून आपल्या देशात बालकांना या जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. ते डोस वेळेवर द्यावेतच. पण रोजच्या ताटात पाला असणे हा त्याचा पाया होय.

लोहाच्या बाबतीत मात्र निराळा हिशेब आहे. प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह मिळावे अशी शिफारस आहे. ५० ग्रॅम पाल्यात ते सव्वादोन मिलिग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे गरजेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आणि वनस्पतीतील लोह शरीरात सगळेच्या सगळे शोषले जात नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या आतील बालकांपैकी ६८.९ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. हे प्रमाण इतके मोठे आहे की कोणत्याही एका भाजीवर भिस्त ठेवून चालणार नाही. गरोदर स्त्रीला आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या व फॉलिक अॅसिडच्या गोळ्या तिने घ्यावयासच हव्यात. "मी शेवगा खाते, मला गोळ्या नकोत" असे कोणी म्हणू लागल्यास तिची समजूत घालणे हे आपले काम आहे. पाला हा गोळीचा सोबती आहे. गोळीची जागा तो घेऊ शकत नाही.

भुकटीचा हिशेब

डब्यावरचे "दुधाच्या कित्येक पट" हे शब्द कोठून येतात तेही पाहू. ताज्या पाल्यात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते. पाला वाळला की वजन एक-चतुर्थांशाच्या घरात येते आणि त्यातील क्षारांचे प्रमाण साहजिकच चौपट दिसू लागते. म्हणजे १०० ग्रॅम भुकटीत कॅल्शियम १,२०० मिलिग्रॅमच्या वर भरेल आणि १०० ग्रॅम गाईच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. डब्यावरील विधान आकड्यापुरते खोटे नाही. पण १०० ग्रॅम भुकटी दिवसाला कोण खातो? पिठात किंवा आमटीत आपण चहाचा एक चमचा टाकतो, तो तीन ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यातून मिळणारे कॅल्शियम चाळीस मिलिग्रॅमच्या आतच, म्हणजे सुमारे तीस मिलिलिटर दुधाइतके होय. लेकराच्या पेल्यातले दूध बंद करून चमचाभर पूड देणे हा म्हणूनच तोट्याचा व्यवहार ठरतो.

भुकटी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. उन्हाळ्यात पाला कमी असतो, तेव्हा घरी केलेली भुकटी उपयोगी पडते. त्यासाठी पाला स्वच्छ धुऊन, पाणी पूर्ण निथळू देऊन, सावलीत, वारा खेळेल अशा जागी, कापडावर किंवा जाळीवर पातळ पसरावा आणि मधूनमधून हलवावा. उन्हात वाळविल्यास कॅरोटीनचा नाश होतो व रंगही उडतो. पाने हातात चुरली जाऊ लागली की दळून, चाळून, कोरड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या जागी ठेवावीत. दमट वास येऊ लागला किंवा बुरशी दिसली तर ती भुकटी फेकून द्यावी. भाजीची चव चढविणारी जोड म्हणून ती वापरावी, औषध म्हणून नव्हे.

एका झाडाच्या पाल्याच्या अनेक परी

कासारवाडीच्या त्या घरी छाटणीच्या दिवशी एक मौज झाली. फांद्या खाली आल्या तसे शेजारपाजारचे लोक पिशव्या घेऊन जमू लागले. या औद्योगिक पट्ट्यात पोटापाण्यासाठी नाना प्रांतांतील माणसे येऊन राहिली आहेत. ज्या पाल्याला घरचे लोक टाकाऊ समजत होते, तो मागावयास तळकोकणातील एक कुटुंब, मराठवाड्यातील दोन बाया, एक तमिळ ताई आणि छत्तीसगडकडचा एक कामगार असे सगळे एकाच वेळी दाराशी उभे राहिले. प्रत्येकाची करण्याची रीत निराळी. त्यांच्याकडून ऐकलेल्या आणि अन्यत्र रूढ असलेल्या काही रीती येथे देतो.

तळकोकणात गोकुळाष्टमीला आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी हा ठरलेला बेत असतो. कांदा व हिरवी मिरची तेलावर परतून त्यात चिरलेला पाला घालावयाचा, वाफ आणावयाची आणि शेवटी ओले खोबरे पेरावयाचे. साठविलेल्या फणसाच्या आठळ्या उकडून, ठेचून त्यात घातल्या की भाजी पोटभरीची होते. गंमत अशी, की जवळपास त्याच दिवसांत, म्हणजे कर्कटक महिन्यात, केरळातील पुष्कळ घरांत हा पाला खाणे वर्ज्य मानतात. एरवी तेथे खोबरे घालून त्याचे तोरन आवडीने करतात. एकाच पाल्याविषयी दोन प्रांतांत असे दोन दंडक आहेत.

घाटावर भाकरीबरोबर सुकी भाजी बरी लागते. मूठभर मुगाची किंवा हरभऱ्याची डाळ तासभर भिजवावी. तेलात मोहरी, भरपूर ठेचलेला लसूण आणि मिरची टाकून डाळ परतावी. ती अर्धी शिजली की दोन मोठ्या ओंजळी पाला घालून पाच-सात मिनिटे ठेवावी. उतरताना शेंगदाण्याचे कूट घालावे. तुरीच्या वरणात उकळी येताना मूठभर पाला टाकला तर निराळी भाजी करण्याचीही गरज उरत नाही. ज्वारी-बाजरीच्या थालिपिठात, धपाट्यात बारीक चिरून घातल्यास ज्या मुलांना भाजी आवडत नाही तीही खातात. आजींच्या नातवंडांवर हाच उपाय लागू पडला.

तमिळनाडूत या पाल्याला मुरुंगै कीरै म्हणतात. तो सांबारात तर पडतोच; परंतु डाळतांदूळ भिजवून वाटलेल्या जाड पिठात पाला मिसळून तव्यावर काढलेली अडै हा तेथील खास पदार्थ होय. कर्नाटकात नाचणीच्या रोटीत पाला मळतात. छत्तीसगडात मुनगा भाजी घरोघरी होते. दूर फिलिपाइन्समध्ये त्याला मालुंगाय म्हणतात आणि कोंबडीच्या रश्श्यात अगदी शेवटी पाला सोडतात.

करताना पाळावयाच्या गोष्टी

कोवळा व मध्यम वयाचा पाला घ्यावा. जून पाला चरबट व कडसर लागतो. पाने सुटी करणे हेच या भाजीचे कंटाळवाणे काम आहे; त्यावर सोपी युक्ती अशी, की रात्री फांद्या कापडात किंवा कागदात गुंडाळून ठेवाव्यात. सकाळी झटकल्या की बारीक पाने आपोआप गळून पडतात. देठाचे तंतू भाजीत येऊ देऊ नयेत, ते लहान मुलांच्या घशात अडकतात.

धुवावयाचे ते चिरण्यापूर्वी. शिजवावयाचे ते थोड्या पाण्यात आणि थोडा वेळ, कारण क जीवनसत्त्व उष्णतेने व पाण्यात निघून जाऊन कमी होते. उकळून पाणी ओतून टाकण्याची पद्धत सोडून द्यावी. तेल किंवा तूप थोडे तरी घालावे, कारण कॅरोटीन स्निग्धाशिवाय अंगी लागत नाही. ताटात लिंबाची फोड असावी, म्हणजे लोह अधिक शोषले जाते. आणि जेवणानंतर लगेच चहा घेऊ नये, त्याने ते शोषण कमी होते. या लहान सवयींना काही खर्च नाही, परंतु पाल्याची निम्मी किंमत त्यांवरच अवलंबून आहे.

औषधी उपयोग : परंपरा आणि मर्यादा

आयुर्वेदात शेवग्याला शिग्रू आणि शोभांजन ही नावे आहेत. चरकसंहितेत घाम आणण्यास साहाय्यक अशा दहा द्रव्यांच्या वर्गात शोभांजनाची गणना आहे, सुश्रुताच्या वरुणादि गणात शिग्रू येतो, आणि सोळाव्या शतकातील भावप्रकाशात त्याचे रंगावरून तीन प्रकार सांगितलेले आहेत. वैद्य त्याला तिखट रसाचा, उष्ण, कफ व वात कमी करणारा आणि भूक वाढविणारा मानतात.

घरगुती उपचारांत मुका मार लागून सूज आल्यास पाला गरम करून बांधणे, पोट साफ होण्यासाठी पाल्याची भाजी खाणे आणि बाळंतिणीस दूध यावे म्हणून ती देणे, हे प्रकार आपल्याकडे जुने आहेत. शेवटचा उपयोग फिलिपाइन्समध्येही परंपरेने चालत आला आहे आणि तेथील काही लहान प्रयोगांत त्याने दूध वाढल्याचे दिसून आले. बाळंतिणीला ही भाजी बेताने देण्यास म्हणूनच हरकत नाही. तिला अन्न म्हणूनही तिचा लाभच होतो.

परंतु शेवग्याने शेकडो रोग बरे होतात, मधुमेहाची गोळी सुटते, रक्तदाबाचे औषध लागत नाही, अशी जी भाषा आता सर्रास ऐकू येते तिला पुरेसा आधार नाही. साखर व रक्तदाब यांवर पाल्याचा काही परिणाम होतो असे प्रयोगांत दिसते. पण त्यामुळेच सावधगिरी हवी, कारण औषध चालू असताना वर भुकटीचे मोठे प्रमाण घेतल्यास साखर किंवा रक्तदाब नको इतका उतरण्याची भीती राहते. पुढील गोष्टी घरोघरी सांगाव्यात :

१. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड किंवा रक्त पातळ होण्याची औषधे चालू असलेल्यांनी, तसेच मूत्रपिंडाच्या रोग्यांनी, भुकटी, काढा किंवा रस नियमित घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये.

२. शेवग्याच्या मुळाची किंवा खोडाची साल पोटात घेऊ नये. तीत अपायकारक द्रव्ये असतात. गरोदर स्त्रीने तर तिच्यापासून दूरच राहावे.

३. डोळे आले असता पाल्याचा रस डोळ्यांत घालण्याची रीत काही ठिकाणी आहे, ती सोडून द्यावी. त्याने डोळ्याला इजा किंवा जंतुसंसर्ग होऊ शकतो.

४. एकदम पुष्कळ पाला खाल्ल्याने जुलाब होतात. मुलांना प्रथम एक-दोन चमचे भाजी देऊन हळूहळू वाढवावी.

पाला कोणत्या झाडाचा घ्यावा

खेड्यात हा प्रश्न सहसा उद्भवत नाही, परंतु कासारवाडी, भोसरी, चाकण अशा कारखान्यांच्या पट्ट्यात तो सर्वांत आधी विचारावयास हवा. झाड जे पाणी पिते आणि ज्या मातीत उभे असते, त्यातील काही अंश पानांत उतरतो. कारखान्याचे सांडपाणी वाहणाऱ्या नाल्याच्या काठचे, मैला-पाण्यावर वाढलेले, अथवा जुने भंगार, रंगाचे डबे, यंत्राचे तेल, बॅटऱ्या पडलेल्या जागेतील झाड असेल, तर त्याचा पाला खाऊ नये. अशा मातीत जड धातू असण्याचा संभव असतो, आणि पानात शिरलेले धातू कितीही धुतले तरी जात नाहीत.

महामार्गाच्या अगदी कडेच्या झाडावर धूळ व धुराची काजळी बसते. ती वरवरची असल्याने दोन-तीन पाण्यांनी धुतल्यावर बरीचशी निघते. तरीही दुसरे झाड उपलब्ध असताना अशा झाडाचा पाला घेऊ नये. घराच्या आतल्या अंगाचे, नळाच्या किंवा चांगल्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेले झाड सर्वांत उत्तम. आजींचे झाड नेमके तसेच, घराच्या मागील अंगणात, रस्त्यापासून दोन आळ्या आत होते.

लावणी व छाटणी

नवे झाड लावावयाचे असल्यास पावसाच्या आरंभी दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात चांगले कुजलेले शेणखत व पोयटा भरावा. हाताच्या मनगटाएवढी जाड, तीन ते चार फूट लांबीची फांदी लावली तरी ती जगते. आजींच्या सासूबाईंनी हेच केले होते. बियांपासूनही रोपे होतात. बियांपासून लावावयाच्या जातींत तमिळनाडूतील पेरियाकुलम येथून आलेली पीकेएम-१ ही प्रसिद्ध आहे, आणि आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने कोकण रुचिरा ही जात दिली आहे. पाणी साचणारी जागा मात्र टाळावी, मुळे कुजून झाड मरते.

रोप दोन-अडीच फुटांचे झाले की शेंडा खुडावा, म्हणजे ते बाजूंनी फुटते. केवळ पाल्यासाठी झाड ठेवावयाचे असेल तर ते कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीवर छाटत राहावे. दर पाच-सहा आठवड्यांनी नवी फूट काढता येते. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, उंच वाढलेल्या फांद्या वादळात मोडून पत्र्यावर व तारांवर पडतात, यासाठीही छाटणी हितावह आहे. छाटलेल्या जाड तोंडांना बोर्डो मलम, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना व दहा लिटर पाणी या प्रमाणात केलेला लेप, लावावा. विजेच्या तारांजवळील फांद्यांना स्वतः हात लावू नये, वीज कंपनीस कळवावे.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी व अंगणवाडी सेविकांनी या पावसाळ्यात आपल्या हद्दीत एवढे तरी करावे. प्रथम, पाला घेण्याजोगी शेवग्याची झाडे किती व कोठे आहेत याची वहीत नोंद करावी. दुसरे, अंगणवाडी व शाळेच्या परसबागेत निदान दोन फांद्या लावाव्यात. तिसरे, माता-बैठकीत नुसते भाषण न करता पाला निवडण्यापासून भाजी उतरेपर्यंत सगळे प्रत्यक्ष करून दाखवावे आणि सर्वांना चाखावयास द्यावे. चौथे, लोहाच्या गोळ्यांचे वाटप व पाल्याची गोष्ट या दोन्ही एकाच वेळी सांगाव्यात, म्हणजे एकीमुळे दुसरी मागे पडणार नाही.

कासारवाडीतील ते झाड अजून उभे आहे. छाटणीनंतर महिनाभरात त्याला बोट-बोट फूट आली होती. पुढील खेपेस गेलो तेव्हा सूनबाई टोपलीत पाला निवडीत होत्या. डबा फळीवरच होता, पण त्यात आता घरच्याच पाल्याची भुकटी होती. आजींनी थालिपिठाचा तुकडा हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "बघा साहेब, पोरं मागून खात्यात." सासूने खोवलेल्या फांदीचा पाला चौथ्या पिढीच्या ताटात पडू लागला होता. आपल्याही परसात असे एखादे झाड असेल, तर ते तोडण्याचा किंवा विसरण्याचा विचार करण्यापूर्वी शेतकरी बंधुभगिनींनी एक ओंजळ पाला तव्यावर टाकून पाहावा.